म्हणे आयपी संपलेत!

डोकं फिरलंय आज. ऑनलाइन परीक्षा, पोरं लॅबमध्ये येऊन बसलेली, आणि निम्म्या मशिनवर १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता). म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीनं काही दिलंच नाही, मशीननं आपलं आपण लावून घेतलं. नेटवर्क बघणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सर, आयपी संपलेत. जगातच संपलेत."

अरे, जगात संपले ते पब्लिक, म्हणजे थेट इंटरनेटवर चालणारे, जुन्या पद्धतीचे आयपीव्ही४ पत्ते! फेब्रुवारी २०११ मध्ये जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयाना संस्थेनं शेवटचे ब्लॉक वाटून टाकले, मान्य. पण कॉलेजच्या भिंतीआड त्याचा काय संबंध? १० पासून सुरू होणारी आख्खी प्रायव्हेट, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कसाठीची रेंज १९९६ पासून सगळ्यांना मोकळी आहे. १ कोटी ६७ लाख पत्ते. ना अर्ज, ना पैसे. तिकडे अमेरिकेत एकट्या एमआयटी विद्यापीठाकडे तेवढे पत्ते होते, तेही पब्लिक, आणि २०१७ मध्ये त्यातले सुमारे ८० लाख त्यांनी विकायला काढले. आम्ही इथे २५४ वर मारामारी करतोय, कारण कुणीतरी कधीकाळी १९२.१६८.१ ची एकच /२४, म्हणजे २५४ पत्त्यांची छोटी रेंज, टाकली आणि तिला परत हात लावला नाही.

त्या २५४ मध्येच ऑफिस, लायब्ररी, सगळ्या लॅब, प्रिंटर, कॅमेरे आणि वर हॉस्टेलचे मोबाइल. लीज, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत, आठ दिवसांची! पाहुणा तासभर वायफाय वापरून अक्कलकोटला गेला, तरी त्याचा पत्ता आठवडाभर अडकलेला. विभागप्रमुखांच्या लॅपटॉपला हातानं आयपी टाकून दिला, तो निघाला प्रिंटरचा. कुणाला काय दिलंय याची साधी वहीसुद्धा नाही.

उजनी भरलेलं असताना नळाला चार-चार दिवस पाणी नाही, हे सोलापुरात सोसलंय आपण. तेच आता नेटवर्कमध्येही सोसायचं?

विभागवार व्हीलॅन (त्याच वायरींवर वेगवेगळी नेटवर्कं) पाडा, हॉस्टेलला वेगळी मोठी रेंज द्या, मोबाइलची लीज दोन तासांवर आणा. एका रविवारचं काम आहे. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, तर फायरवॉलवर बंदच करून ठेवलंय, का तर "त्रास होतो". तिच्या एका /४८ रेंजमध्ये ६५,५३६ सबनेट, म्हणजे छोटी नेटवर्कं, बसतात, विभाग किती आहेत आपले?

मी करतो म्हटलं, नेटवर्क स्विचचा पासवर्ड द्या. तर, "ते तुमचं काम नाही, सर." बरं, नाही माझं. मग ज्याचं आहे त्यानं पुढच्या पेपरच्या आधी करा की!