स्विचचा रंग सांगू नका, आलेख दाखवा

मेकॅनिकल कीबोर्डसाठी कोणता स्विच, म्हणजे प्रत्येक कळीखालची दाबली जाणारी यंत्रणा, घ्यावा, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. गेमिंगला लाल, टायपिंगला निळा, दोन्ही करायचं असेल तर तपकिरी. विकणारा हेच सांगतो, व्हिडिओवाला हेच सांगतो आणि ज्याने जन्मात एकच कीबोर्ड वापरलाय तोही छातीठोकपणे हेच सांगतो. ऐकून ऐकून कान किटलेत. मी दिवसभर लिहिते आणि रात्री त्याच कीबोर्डवर खेळते. बोटं तीच असतात. मला फक्त एवढंच कळायला हवं असतं की कळ दाबायला किती जोर लागतो, किती खोल गेल्यावर अक्षर उमटतं आणि सोडताना किती वर आली की ती पुन्हा दाबायला मोकळी होते. नेमकं हेच धडपणे कुणी सांगत नाही.

रंगाचं घ्या. चेरी कंपनीचा एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आला तेव्हा रंगाला अर्थ होता, कारण रंग देणारी कंपनी एकच होती. २०१४ च्या सुमारास पेटंट संपलं आणि ज्याला जमेल तो तसाच स्विच बनवू लागला. त्याबद्दल तक्रार नाही, उलट त्यातून कितीतरी चांगले स्विच आले. पण रंगांचा जो बट्ट्याबोळ झालाय त्याला तोड नाही. चेरीचा क्लिअर म्हणजे जड, चांगला जोरकस खटका (दाबताना मधेच बोटाला लागणारा अडसर) असलेला टॅक्टाइल. गेटेरॉन कंपनीचा क्लिअर म्हणजे ३५ ग्रॅमचा लिनिअर, खटका अजिबात नाही, बोट ठेवलं तरी दबेल इतका हलका. नाव एक आणि वस्तू दोन टोकांच्या! चेरीचा हिरवा हा ८० सेंटिन्यूटनचा (साधारण तेवढ्याच ग्रॅमचा) जाडजूड क्लिकी, म्हणजे खटक्याबरोबर आवाज करणारा, रेझर कंपनीचा हिरवाही क्लिकीच, पण त्याच्यापेक्षा कितीतरी हलका. आणि तरी लोक एकमेकांना बिनदिक्कत सांगतात, 'क्लिअर घे, मस्त आहे.' कुणाचा क्लिअर? चप्पल घेताना कुणी नुसता रंग सांगून माप सांगायचं टाळत नाही, मग दिवसाला हजारो वेळा बोटांखाली येणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हे का चालवून घेतो आपण?

बरं, रंग सोडा, आकडे बघू म्हणावं तर तिथे त्याहून मोठा घोळ. चेरीचा तपकिरी एका ठिकाणी ४५ म्हणून लिहिलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी ५५. दोन्ही बरोबर! ४५ हा जोडणी होते, म्हणजे अक्षर उमटतं, त्या क्षणाचा जोर आणि ५५ हा त्याआधी खटक्याच्या माथ्यावर लागणारा जोर. निळ्याचं तसंच, ५० आणि ६०. त्यात हौशी मंडळींसाठी बनवलेल्या स्विचवर जो ६२ किंवा ६७ ग्रॅमचा आकडा असतो तो बहुतेक वेळा कळ तळाला टेकतानाचा असतो. म्हणजे तीन वेगवेगळ्या जागी मोजलेला जोर एकाच रकान्यात, एकाच एककात, एकाखाली एक छापायचा आणि ग्राहकाने तुलना करायची. ४५ चा चेरी लाल आणि ६२ चा दुसरा कुठला लिनिअर शेजारी बघितले की वाटतं दुसरा फारच जड. प्रत्यक्षात लालची स्प्रिंगसुद्धा तळाशी साठच्या आसपास जाते. दोघांत बोटाला जाणवेल असा फरक जवळजवळ नाही! टायपिंग करताना बहुतेक माणसं कळ तळापर्यंतच नेतात, त्यामुळे बोट दुखणार की नाही हे ठरवणारा आकडा तळाचाच. आणि खोक्यावर तोच गायब असतो.

निळ्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. स्विच वाईट आहे म्हणून नाही, त्याच्याबद्दल जे सांगायला हवं ते कुणी सांगत नाही म्हणून. निळ्याच्या पोटात दोन तुकडे असतात, निळी दांडी आणि तिच्यावर सैल बसलेला पांढरा तुकडा. कळ दाबली की एका जागी हा पांढरा तुकडा सुटतो आणि खाली आपटतो, तोच तो 'टक' आवाज. जोडणी २.२ मिमीला होते. पण सोडताना ती त्याच जागी सुटत नाही. पांढरा तुकडा परत जागेवर जाईपर्यंत कळ बरीच वर यावी लागते. याला हिस्टेरिसिस म्हणतात. लिहिताना त्याचा त्रास नसतो, कारण एकच अक्षर लागोपाठ भराभर क्वचितच लागतं. पण खेळात एकच कळ पटपट दोनदा दाबायची वेळ आली की दुसरा ठोका हवेत विरतो. बोटाने दाबलेलं असतं, मनाने ऐकलेलं असतं, पडद्यावर मात्र काहीच होत नाही. निळा खेळायला नको म्हणण्यामागे खरं कारण हे आहे. पण सांगतात काय? 'आवाज होतो, शेजारी वैतागतात.' अहो, आवाजाचं आमचं आम्ही बघू! दुसरा ठोका का हरवतो ते सांगा! आणि हेही सांगा की सगळे क्लिकी असे नसतात. काइल कंपनीच्या बॉक्स मालिकेत आवाज एका बारीक तारेतून येतो, तिथे दाबण्याची आणि सुटण्याची जागा खूपच जवळ असते. क्लिकी आवडणाऱ्या माणसाला लिहिणं आणि खेळणं दोन्ही एका स्विचवर करता येतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला बाहेरचं सगळं धुंडाळावं लागतं.

'लिनिअर म्हणजे गेमिंग' ही तर निव्वळ थाप आहे. एमएक्स मालिकेतला जुना काळा स्विच लिनिअरच होता आणि तो दिवसभर आकडे-अक्षरं बडवणाऱ्या ऑफिसच्या टर्मिनलांत बसवलेला असायचा. लाल आला २००८ मध्ये, गेमिंगचं लेबल त्याच्यानंतर चिकटलं.

त्या लेबलाच्या नादात 'स्पीड' स्विच विकले जातात. चेरीचा सिल्व्हर १.२ मिमीला जोडतो, लाल २ मिमीला. फरक ०.८ मिमी. झटक्याने दाबणाऱ्या बोटाला तेवढं अंतर कापायला काही मिलिसेकंद लागतात. आता कळीचे धातूचे पत्रे एकमेकांना टेकताना क्षणभर थरथरतात, म्हणून कीबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, थोडं थांबून खात्री करतं. क्यूएमके नावाच्या फर्मवेअरमध्ये हे थांबणं मुळातच ५ मिलिसेकंदांचं ठेवलेलं आहे. म्हणजे स्विचवर जे कमावलं ते फर्मवेअर सहज गिळू शकतं, आणि त्याची सेटिंग काय आहे हे विकणाऱ्याने कधी लिहिलेलं मला दिसलेलं नाही. इकडे लिहिताना मात्र कळीवर बोट जरा विसावलं की नको ते अक्षर उमटतं. परिच्छेदभर मजकुरात अधूनमधून भलतीच अक्षरं घुसलेली शोधत बसायचं, कारण कुणीतरी वेगाच्या नावाखाली ०.८ मिमी विकलंय.

मग म्हणतात चुंबकी घ्या. मान्य, हॉल इफेक्टवाले, म्हणजे कळीतला चुंबक किती खाली आला ते सेन्सरने ओळखणारे, स्विच खरोखर वेगळे आहेत. जोडणीची जागा आपण ठरवायची, लिहिताना खोल, खेळताना उथळ, आणि रॅपिड ट्रिगरमुळे कळ जराशी वर येताच सुटलेली धरली जाते. मला हे मनापासून आवडतं. पण विकताना हे सांगत नाहीत की ते बहुतेक सगळे लिनिअर आहेत, खटका हवा असणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. साध्या बोर्डावर ते चालत नाहीत, खाली सेन्सर लागतो. आणि डावी-उजवीसारख्या दोन उलट कळा एकदम दाबल्या की शेवटची धरण्याची जी सोय त्यांच्याबरोबर मिरवली जाते, ती ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या खेळात बंद केली. वापराल तर सामन्यातून बाहेर. तरी जाहिरातीत ती ठळक अक्षरांत झळकतेच.

आवाजाच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर हे संपायचं नाही. 'थॉक', 'क्लॅक', 'क्रीमी' असली विशेषणं लावून जे व्हिडिओ फिरतात त्यांत ऐकू येतं ते निम्मं केसचं, प्लेटचं, आतल्या फोमचं, कीकॅप्सचं (कळांवरच्या टोप्यांचं) आणि मायक्रोफोनचं. तोच स्विच दुसऱ्या कीबोर्डात घातला की ओळखू येत नाही. आणि बोटाला काय वाटतं ते कानाने कसं कळणार?

स्विच टेस्टर म्हणून जो नऊ कळांचा ठोकळा मिळतो त्याचीही तीच गत. एका बोटाने एक कळ हळूच दाबून बघणं म्हणजे टायपिंग नव्हे. हळू दाबलं की प्रत्येक खटका ठसठशीत लागतो. वेगाने लिहायला लागलं की तपकिरीचा खटका असून नसल्यासारखा होतो. करंगळीला काय झेपतं हे तर तासाभराने कळतं, ठोकळ्यावर कधीच नाही.

हे सगळं एका चित्रात मावतं. आडव्या रेषेवर खोली, उभ्या रेषेवर जोर, दाबतानाची एक वक्ररेषा आणि सोडतानाची दुसरी. खटका किती मोठा, कुठे सुरू होतो, जोडणी त्याच्या आधी की नंतर, सुटण्याची जागा किती वर, तळाला जोर किती, सगळं दिसतं. हौशी लोक घरी यंत्र जुळवून, एकेक स्विच मोजून हे आलेख फुकट देतात. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. आणि करोडो स्विच बनवणाऱ्यांना, ज्यांच्या कारखान्यात हे मोजमाप रोज होत असणार, खोक्याच्या एका बाजूला हे चित्र छापता येत नाही? मी एका विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं, या स्विचचा रीसेट पॉइंट, म्हणजे सुटण्याची जागा, किती मिमीवर आहे? उत्तर आलं, 'खूप स्मूद आहे, गेमिंगसाठी बेस्ट.' मी पुन्हा तोच प्रश्न लिहिला. पुन्हा तेच उत्तर आलं, सोबत डिस्काउंट कूपन. अशा वेळी संताप होणार नाही तर काय होणार?

सांगायचं नसेल तर निदान बदलू तरी द्या! आजही कितीतरी तयार कीबोर्डांत स्विच डाग देऊन बसवलेले असतात, नाही आवडला तर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसा. हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच हाताने काढता-घालता येणारा, घेतला तरी बोर्ड तीन पायांच्या स्विचचा आहे की पाच, हे पानभर वर्णनात सापडत नाही. पाच पायांचा स्विच तीनच्या बोर्डावर बसत नाही, त्याचे दोन प्लॅस्टिकचे पाय कापावे लागतात. एकेका स्विचचे, सगळ्या कळांचे, नेल कटर घेऊन. पैसे मोजून आणलेल्या कोऱ्या वस्तूचे पाय गिऱ्हाइकाने का म्हणून कापत बसायचे?