कानात पाणी सोडल्यानं पडदा फाटत नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘चक्कर येते म्हणून कानात गरम पाणी सोडतात, पडदा फाटतो, बहिरेपण येतं.’ हे खोटं आहे. चक्करेचं कारण शोधायला कानात पाणी सोडून आतला कान तपासतात, ती कॅलरिक तपासणी. तिच्यातलं पाणी उकळतं नसतं. एकदा ३० अंश सेल्सिअस, एकदा ४४, म्हणजे फार तर अंघोळीचं. आधी पडदा तपासतात. भोक असेल तर पाणी सोडतच नाहीत. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवतात, कारण आतल्या कानाचा बिघाड बुबुळांच्या हालचालीत दिसतो. गरगरतं, हे खरं. पण तेच तर बघायचं असतं, आणि ते मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. मळमळू शकतं, तेव्हा तांबडा-पांढरा ओरपून जाऊ नका. चक्करेच्या गोळ्यांनी निकाल बदलतो. त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा.