खुलासा: गिटारवाल्यांनी रोज 200 वेळा स्प्रिंगचं ग्रिपर दाबायचं नाही

नागपुरातल्या गिटार शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'रोज 200 वेळा ग्रिपर दाबा, हात दुखला की समजा बोटं मजबूत होताहेत.' वाईट याचं वाटतं की, त्यातली अर्धी वाक्यं माझ्याच जुन्या पोस्टमधली आहेत. ती पोस्ट मी काढून टाकली आहे.

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या पट्ट्यांनी) बोटं ओढतात. विश्वास नसेल तर डाव्या हाताचा तो भाग उजव्या हाताने धरा आणि बोटं हलवा, हालचाल तिथे जाणवेल. ग्रिपर मूठ आवळायला शिकवतं. गिटारला मात्र प्रत्येक बोट वेगळं आणि हलकं पडायला हवं.

तार किती दाबायची? फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) अगदी मागे बोट ठेवा, तार खरखरेल इतकंच हलकं. मग हळूहळू जोर वाढवा. सूर स्वच्छ लागला की थांबा. माझ्याकडे धरमपेठेत गिटार शिकायला येणारी बहुतेक मुलं याच्या दुपटीने तरी दाबतात, वर मनगट वाकवून!

डिसेंबरच्या सकाळी हात आधी कोमट पाण्यात धरा, मग एक-दोन-तीन-चार, म्हणजे तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेक बोट तारेवर ठेवत, सावकाश वाजवा. नवशिक्याची बोटांची टोकं हुळहुळतात, ते चालतं. मनगट दुखलं, मुंग्या आल्या, बधिरपणा आला तर वाजवणं थांबवा. टिकून राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.