अभ्यासाचा खुर्दा

लेक दुसरीत आहे. परवा दप्तरातून चिठ्ठी निघाली: 'नाणी व नोटा' शिकवणे सुरू आहे, तरी सोमवारी येताना १, २, ५ आणि १० रुपयांची खरी नाणी मिळून पन्नास रुपये आणावेत. चिठ्ठी हाती लागली शनिवारी रात्री. पन्नास रुपयेच ना, म्हणून मी खिसा चाचपला. खिशात मोबाइल होता.

घरात एकही नाणं नव्हतं असं नाही. एक देव्हाऱ्यात होतं, पण ते सुपारीशेजारी लक्ष्मी म्हणून बसलेलं. आईने त्याला हात लावू दिला नाही. एक वॉशिंग मशीनच्या तळाशी सापडलं, एक गाडीच्या कप्प्यात विरघळलेल्या गोळीला चिकटून होतं. मग बायकोला कपाटातली आहेराची पाकिटं आठवली. दहाचा गठ्ठा, प्रत्येकावर गणपती आणि कोपऱ्यात चिकटवलेला एकेक रुपया. आमच्या घरातला रोख नाण्यांचा सर्वांत मोठा साठा तो हा. रात्री अकरा वाजता मी सुरीच्या टोकाने दहा रुपये खरवडले.

उरलेल्यासाठी रविवारी सकाळी शंभराची नोट घेऊन कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे गेलो. "काका, स्कॅन करा ना," तो म्हणाला. मला चिल्लर द्यायची नाहीये, घ्यायचीये, हे त्याच्या गळी उतरवायला मला दोन वडापाव खावे लागले. मग मात्र त्याने गल्ला माझ्यासमोर असा ओतला, की इतकी वर्षं तो माझीच वाट बघत असावा.

दुपारी जमिनीवर चादर पसरून शिकवणी सुरू केली. "हे बघ, हा एक रुपया."

"आणि हा?"

"हाही एकच."

"मग हा लहान का?"

रास्त प्रश्न. एका रुपयाची आमच्याकडे चार रूपं निघाली. एकावर गव्हाच्या ओंब्या, एकावर २००७ साली आलेला वर केलेला अंगठा ("लाइकवाला रुपया!"), आणि दोन त्यांच्याहून लहान, तीही एकमेकांत सारखी नाहीत. मी म्हटलं, आकाराकडे बघू नकोस. लगेच तिने अंगठेवाला रुपया आणि २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं एकमेकांवर ठेवून दाखवलं. तंतोतंत! दोन्ही पोलादी, दोन्ही २५ मिलिमीटर. कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ. त्याच मालिकेतलं पाचाचं नाणं तर दोनाच्या नाण्याहून दोन मिलिमीटरने लहान. मग तिने दोन मोठं आणि पाच लहान असा निकाल दिला, तर त्यात मुलीचा काय दोष? हे दिल्लीलाही उमगलं असावं, कारण २०१९ च्या मालिकेत किंमत वाढेल तसा आकार वाढवत नेलाय. न बघताही ओळखता यावीत म्हणून. पण जुनी नाणी काही कुणी परत घेतली नाहीत. त्यामुळे माझ्यासारख्या डोळसाची पंचाईत कायम आहे.

"आकडा वाच," मी शेवटचा उपाय सांगितला. तिने वाचला. "दोन हजार अकरा रुपये!"

साल आणि किंमत यांतला फरक समजावण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात तिला सालाखाली एक इवलासा चौकट-हिरा दिसला. ही मुंबईच्या टांकसाळीची खूण, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. दिवसभरात मला ठाऊक असलेली ही एकमेव गोष्ट. तिने हिरेवाली नाणी वेगळी काढली आणि त्यांचा भाव वाढवला.

एवढ्यात आई आली. "असं नाही शिकवायचं. बाळा, चार आण्याची एक पावली, दोन पावल्यांची अधेली..." आईचा जन्म १९५६ चा. दशमान पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे आणे तिने पाळण्यात पडून पाहिले असतील तेवढेच, पण हिशेब मात्र अजून त्यांतच.

"आजी, चार आणे म्हणजे चार पैसे?"

"नाही गं, पंचवीस."

"मग एक आणा?"

"सव्वासहा पैसे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

आईने कनवटीची पुरचुंडी सोडून एक आठ आण्याचं नाणं मात्र खरोखरच काढलं. मी म्हटलं, हे बंद झालं. "पंचवीस पैसे बंद झाले, २०११ साली. हे चालतं अजून," आई म्हणाली. मी मोबाइलवर पाहिलं. चालतं. ते तिने परत पुरचुंडीत बांधलं.

शेवटी दुकान-दुकान खेळायचं ठरलं. ती दुकानदार, मी गिऱ्हाईक. सात रुपयांची पेन्सिल, मी दहाचं नाणं दिलं, आता तीन परत यायला हवेत. तिने नाणं उलटसुलट करून पाहिलं. "हे आमच्याकडे चालत नाही." मी तिला सांगितलं, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले १४ नमुने सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच जाहीर केलंय. मोठ्या उपकाराने तिने ते ठेवून घेतलं आणि मला परत दिल्या तीन गोळ्या.

"पैसे दे की!"

"सुट्टे नाहीत. पुढच्या वेळी स्कॅन करा."

शिक्षण झालं नाही असं कोण म्हणेल?

सोमवारी नाणी शाळेत गेली. शुक्रवारी चाचणी झाली, नाण्यांच्या चित्रांची. ती चित्रं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर छापलेली होती. बारा काळेकुट्ट गोल. लेकीला दहापैकी चार मिळाले. मी कागद खिडकीपाशी नेऊन सोडवून पाहिला, मला तीन.

नाणी परत आली, पण पन्नासाऐवजी एक्केचाळीस रुपयांचीच. बाकीची मैत्रिणींशी अदलाबदलीत गेली; हिरेवाल्यांना चांगला भाव आला म्हणे.

पुढच्या रविवारी चुलतभावाच्या मुलीचं लग्न. कार्यालयाच्या दारात बायकोने पर्समधून पाकीट काढलं. पाचशेची नोट आत होती, बाहेर गणपती होता आणि कोपऱ्यात डिंकाचा गोल डाग. "असं नुसतं पाचशे देतात का?" बायको कुजबुजली. दोघांनी खिसे, पर्स, गाडी सगळं पालथं घातलं. परत आलेली एक्केचाळीस रुपयांची नाणी घरी, लेकीच्या कंपासपेटीत.

आईने शांतपणे कनवटीला हात घातला.

आहेराच्या टेबलावरच्या काकांनी पाकिटात हात घातला, चष्मा कपाळावर चढवला, ते नाणं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मग वहीत आमच्या नावापुढे सावकाश लिहिलं: ५००.५०.