‘व्हॉट्सॲप सोडा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

‘व्हॉट्सॲप आपले सगळे मेसेज वाचतं. स्वदेशी अरट्टईवर कुणीच वाचू शकत नाही. व्हॉट्सॲपला लवकरच पैसे पडणार. सगळ्यांनी एकदम सोडलं की त्यांचा भारतातला धंदा बंद.’ हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय आणि मी सोडून देत होते. पण तो वाचून मावशी आधार कार्ड आणि पासबुकाचे फोटो ‘सुरक्षित जागी’ पाठवायला निघाली, तेव्हा गप्प बसवेना.

सगळ्यात घातक आहेत पहिली दोन वाक्यं, कारण त्यांनी गोष्ट उलटीच सांगितली आहे. व्हॉट्सॲपवरच्या खासगी मेसेजना २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. मेसेज उघडायची किल्ली फक्त दोघांच्या फोनमध्ये असते, कंपनीकडे नसते. मावशीच्या फोनवर माझं नाव उघडून ‘एन्क्रिप्शन’वर बोट ठेवलं आणि तिथला ६० आकडी क्रमांक माझ्या फोनवरच्या क्रमांकाशी ताडून दाखवला. अगदी तोच निघाला. आता झोहो या भारतीय कंपनीचं मेसेजिंग ॲप अरट्टई बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये लोक त्यावर तुटून पडले, तेव्हा तिथे कॉल एन्क्रिप्टेड होते, पण लेखी मेसेजना हे संरक्षण नव्हतं. काम चालू आहे, असं कंपनी स्वतःच सांगत होती. मग ‘कुणीच वाचू शकत नाही’ हे कशाच्या जोरावर लिहिलं? ॲप कुठल्या देशाचं आहे, याने मेसेज कुलूपबंद होत नाही. आणि पासबुकाचा फोटो कुठल्याच ॲपवर असा टाकू नये.

पैशांची आवई जुनीच. व्हॉट्सॲप पूर्वी वर्षाला एक डॉलर घ्यायचं, ते २०१६ मध्ये बंद केलं.

एक मात्र कबूल करायला हवं. मेसेज वाचत नसले तरी तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता हे कंपनीला कळतं. २०२१ मध्ये ‘नवं धोरण मान्य करा, नाहीतर ॲप वापरू नका’ असा पेच त्यांनी टाकला होता. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा तो निकाल आहे. २०२५ मध्ये अपील लवादाने व्हॉट्सॲपवरची माहिती जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली, पण दंड कायम ठेवला. राग धरायचा तर या कारणासाठी धरा.

आणि ‘सगळ्यांनी एकदम सोडलं की’? हाइक आठवतंय का? भारतीय ॲप, स्टिकर्स सुंदर, २०१६ मध्ये दहा कोटी वापरकर्ते. जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झालं. ॲप वाईट नव्हतं. पण शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दूधवाला, डॉक्टर, सगळे व्हॉट्सॲपवर असताना एकट्याने उठून जायचं कुठे? त्याच महिन्यात कितीतरी जणांनी सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप घेतलं, आणि त्यातले बहुतेक माझ्या ओळखीत तरी परत आले.

ही कोंडी फॉरवर्डने फुटत नाही. युरोपीय महासंघाने डिजिटल मार्केट्स ॲक्ट केला. मार्च २०२४ पासून तिथे दुसऱ्या ॲपने मागितली तर व्हॉट्सॲपला जोडणी द्यावीच लागते, म्हणजे मावशी एका ॲपवर आणि मी दुसऱ्यावर राहूनही बोलू शकू. भारतात व्हॉट्सॲपवर अशी सक्ती नाही. मागायचं असेल तर सरकारकडे हे मागा.