लिंबाने चित्राखालचं चित्र दिसत नाही, वरचं मात्र जातं

मोनालिसाचा फोटो लावलेला तो व्हॉट्सॲप संदेश आता म्हापशाच्या मावशीपर्यंत पोचला. भिंतीवरच्या आजोबांच्या तैलचित्रावर करून पाहू का, असं तिने आधी विचारलं म्हणून ते चित्र वाचलं. संदेशाचं म्हणणं असं: प्रत्येक जुन्या चित्राखाली चित्रकाराने मुद्दाम दुसरं चित्र लपवलेलं असतं; एक्स-रेत ते रंगांसकट दिसतं; आणि घरच्या घरी पाहायचं तर चित्रावर अर्धं लिंबू चोळा, जांभळी बॅटरी मारा, मोबाइलने टिपा.

आधी लिंबाचं, कारण बाकीच्या थापांनी चित्र मरत नाही. तैलचित्र म्हणजे खाली कापड, त्यावर सरस, मग बहुतेकदा खडूचं किंवा पांढऱ्या रंगाचं अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर वॉर्निश. जुन्या रंगाला बारीक भेगा असतातच. रस त्यांतून थेट अस्तरात उतरतो. आम्लाने खडू विरघळतो, पाण्याने सरस फुगतो, कापड आक्रसतं आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. अल्ट्रामरीन निळा असेल तर आम्लाने तो रंगच उडतो. कापसावर तपकिरी काही आलं की लोक खूश होतात, मळ निघाला म्हणून. तो मळच असेल असं नाही. सावलीसाठी दिलेला पातळ रंगही असू शकतो, आणि तो गेला की गेला. त्यात आपल्याकडचा पावसाळा: भेगांत राहिलेल्या रसावर बुरशी धरायला किती दिवस लागणार?

बॅटरीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. पूर्ण अंधारात अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश टाकला की जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळ्या डागांसारखी उठून दिसते. पण त्यासाठी ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणारी बॅटरी लागते. बाजारातली स्वस्त ३९५ची असते आणि तिच्या जांभळ्या उजेडातच ती चमक बुडते. शिवाय हे सगळं पृष्ठभागाचं. रंगाखालचं कोळशाचं रेखाटन पाहायला अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरा लागतो, साधारण १७०० नॅनोमीटरपर्यंत पाहणारा. मोबाइलचा सेन्सर ११००च्या आसपास आंधळा होतो, आणि त्याच्यापुढे अवरक्त अडवणारी काचही असते.

एक्स-रेत रंग दिसत नाहीत. शिशापासून केलेला पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, म्हणून उजळ दिसतो. पुढचं, मागचं, चौकटीचे खिळे, सगळं एकावर एक येतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधलं, सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी’ हे चित्र घ्या. तिच्या मागच्या भिंतीच्या रंगाखालचा क्युपिड (प्रेमाचा देव) १९७९ मध्ये एक्स-रेत दिसला. व्हर्मीरनेच तो झाकला असं पुढे अनेक वर्षं मानलं गेलं. मग रंगाचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा क्युपिड आणि वरचा रंग यांच्यामध्ये जुनं वॉर्निश आणि मळ सापडला. म्हणजे झाकणारा दुसराच कोणी होता, तोही व्हर्मीर गेल्यानंतरचा. सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलने, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीने, कणाकणाने तो रंग काढला आणि २०२१ मध्ये क्युपिड लोकांसमोर आला. चाळीसहून अधिक वर्षं!

मोनालिसाखालचं दुसरं चित्र हा पास्काल कॉत या फ्रेंच अभियंत्याचा २०१५चा दावा आहे, सर्वमान्य शोध नव्हे. मार्टिन केम्पसारखे, मोनालिसा काढणाऱ्या लिओनार्दोचे अभ्यासक त्यात एकाच चित्राचे बदलत गेलेले टप्पे पाहतात.

आणि मुद्दाम लपवण्याचं म्हणाल तर जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या चित्रांची तिथली मालिका १५४७ मध्ये सुरू झाली, आणि पुढे त्यांतली कितीतरी चित्रं पुन्हा पुन्हा रंगवली गेली. त्यांच्या खाली थर आहेत, पण ते डागडुजीचे. चित्र खराब झालं की त्यावरच नवा रंग चढवायचा, अशी ती रीत होती.

मावशीला पाहायचंच असेल तर खोलीत अंधार करून साधी बॅटरी चित्राच्या कडेला, जवळजवळ भिंतीला समांतर धरावी. उचललेला रंग, भेगा, वरच्या चित्राशी न जुळणारे खालच्या ब्रशचे उंचवटे, सगळं दिसतं. मोबाइल हलू न देता फोटो काढावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी, आणि जिथे रंग उठलाय तिथे तोही लावू नये.