मुंगळ्यावरचा खोटा आळ

गेल्या आठवड्यात आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत गुलमोहराच्या बुंध्याशी कीटकनाशक ओतण्यात आले, कारण कोणीतरी मोबाइलवर वाचले होते की मुंगळा म्हणजे ‘कारपेंटर अँट’, आणि त्यावरून तो झाड खाऊन ते पार्किंगवर पाडणार, असा निष्कर्ष निघाला. माझा या निदानाला विरोध आहे, आणि तो निव्वळ भूतदयेपोटी नाही.

आपल्या काळ्या मुंगळ्याचे शास्त्रीय नाव काम्पोनोटस कॉम्प्रेसस. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७८७ मध्ये त्याची नोंद केली. काम्पोनोटस या वंशात हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या काही, विशेषतः युरोप-अमेरिकेतल्या, ओलसर, कुजलेले लाकूड पोखरून त्यात राहतात, म्हणून सगळ्या गोतावळ्याला सुतार हे नाव पडले. लाकूड मात्र त्याही खात नाहीत, भुसा बाहेर टाकतात. लाकूड पचवते ती वाळवी. आपला मुंगळा तर बहुधा झाडाच्या मुळांशी मातीतच घर करतो.

मग तो झाडावर चढतो कशाला? गोडासाठी. मान तुटली तरी गूळ न सोडणारा हा प्राणी मावा आणि पिठ्या ढेकूण या झाडाचा रस शोषणाऱ्या किडींच्या अंगातून पाझरणारा चिकटा पितो, पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवतो आणि घरी जाऊन इतरांना तोंडातून भरवतो. अशा साखरपाण्यावर अंग धरत नाही. ती उणीव त्याच्या आतड्याच्या पेशींत राहणारे ब्लॉकमानिया नावाचे जिवाणू भरून काढतात. ते युरियातला नायट्रोजन पुन्हा वापरात आणून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, बनवतात, आणि अंड्यांतून आईकडून पुढच्या पिढीकडे जातात. मला स्वतःला ही भागीदारी मुंगळ्याच्या चाव्यापेक्षा (डंख त्याला नसतोच, तो चावून फॉर्मिक आम्ल सोडतो) कितीतरी अधिक थक्क करते.

त्याच्यावर एक आरोप मात्र खरा ठरतो: चिकट्याच्या लोभाने तो या किडींची राखण करतो, आणि पिठ्या ढेकणांनी मुंबईतले पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) कसे वाळवले ते आपण पाहिले आहे. पण त्यावर उपाय म्हणजे कीड लागलेल्या फांद्या छाटणे आणि बुंध्याला चिकट पट्टी बांधणे. मुळांत विष ओतणे नव्हे.

आमच्या गुलमोहराच्या गळ्यापर्यंत काँक्रीट आहे, आणि गटाराच्या कामात त्याची एका बाजूची मुळे तोडली गेली. झाड पडण्याची भीती असेल तर समितीने आधी ते काँक्रीट फोडावे आणि वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. काल संध्याकाळी पंख गळालेली एक राणी पेव्हर ब्लॉकच्या फटीत शिरताना मी पाहिली. आता ती आतच कोंडून घेऊन, उडण्याचे स्नायू जिरवून त्यावर पहिली पिल्ले वाढवील. ती फट बुंध्यापासून जेमतेम दोन हातांवर आहे.